पाल्याचं पाणी

सोमवारी सकाळी साडेआठला छोटूच्या हातातून रेझर खाली पडलं.

"ताई," तो आरशासमोरून म्हणाला, "जरा इकडे ये ना. माझे पाय उचलत नाहीयेत."

छोटू म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. नावाला छोटू; उंची सहा फूट, वय चोपन्न. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे केसाएवढा चरासुद्धा त्याच्या बोटांना कळायचा. त्या बोटांना आज साधं रेझर धरवत नव्हतं. अर्धा गाल साफ, अर्ध्या गालावर फेस, आणि ओठांभोवती मुंग्या येताहेत म्हणत होता.

ताई धावल्या, पण वहिनी त्यांच्या आधी पोचली. वहिनी म्हणजे छोटूची बायको. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने तिने नवऱ्याची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठातल्या ओठात मोजायला लागली. मिनिट संपेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बेचाळीस," ती म्हणाली. "ताई, रुग्णवाहिकेला फोन करा. आत्ताच्या आत्ता."

ताईंनी फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता घेतला, आजार विचारला आणि मग विचारलं, "काल काय खाल्लं होतं त्यांनी?"

"जे रोज खातात तेच," वहिनी मागून ओरडली. "सांगा त्यांना, एक घाससुद्धा इकडचा तिकडे नाही!"

ताईंनी तसंच सांगितलं. आणि अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं, कारण त्यांनाही तेच वाटत होतं.

आता या ताई कोण, ते सांगायला हवं. मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. तीनशे मुली रोज जेवायला. मुली पाठीमागे त्यांना 'पालेबाई' म्हणायच्या. ताईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पालेभाजी बघून नाक मुरडणारी पोरगी दिसली की त्या तिच्या खनपटीलाच बसायच्या. "अगं, पान म्हणजे काय वाटलं तुला? झाडाचं स्वयंपाकघर आहे ते! मुळांनी पाणी वर पाठवायचं, पानाने हवा आत घ्यायची आणि उन्हावर रांधायचं. तो हिरवा रंग म्हणजे त्या झाडाची चूल. आणि स्वयंपाकघर म्हटलं की डबे भरलेले असणारच. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सगळं तिथे भरून ठेवलंय. आणि तू बयो ते ताटाच्या कडेला सारतेस!"

भाजीवर लिंबू पिळल्याशिवाय त्या कुणाला उठू द्यायच्या नाहीत, कारण पाल्यातलं लोह लिंबाच्या सोबतीनेच नीट अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा मागणारीला तर त्या हाकलूनच द्यायच्या. आणि पाला उकळलेलं पाणी कुणी मोरीत ओतताना दिसलं तर बघायलाच नको. "जे जे चांगलं, ते आधी पाण्यात उतरतं," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा त्यांची नक्कल करायच्या. त्या पाण्यात वसतिगृहाचा भात शिजायचा, त्याचंच सूप व्हायचं. पांढुरक्या ओठांनी आलेल्या पोरी वर्षभरात लालबुंद होऊन घरी जायच्या आणि त्यांच्या आया ताईंचे हात हातात घ्यायच्या. हे खोटं नव्हतं. ताईंचं नाक वर असायचं ते उगाच नव्हे.

वहिनी न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, म्हणून गेल्या गुरुवारी ताई भावाकडे राहायला आल्या. छोटूच्या दोन्ही किडन्या सव्वा वर्षापूर्वी बंद पडल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस मोकळे. वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात मापं तपासायची, आणि घरातही तिचं तेच चालायचं. ओट्यावर वजनकाटा, फ्रिजवर सूचनांचा कागद, आणि एक वही. नवऱ्याने गिळलेला प्रत्येक घोट त्या वहीत उतरायचा. कागदावर लिहिलं होतं: पाणी, चहा, सूप मिळून दिवसाला एक लिटर, जास्त नाही. पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात दोनदा उकळावी, दोन्ही पाणी टाकून द्यावीत, भाजी घट्ट पिळावी, चार चमचे द्यावी.

पाणी का टाकायचं, ते कागदावर नव्हतं. वहिनीला ते पहिल्या दिवशीच कुणीतरी समजावलं होतं, आणि एवढं शिकलेल्या पालेबाईला आपण काय सांगायचं, असं तिला वाटलं. पालेबाईंनी विचारलंही नाही. विचारायची सवयच नव्हती त्यांना.

त्यांनी आपल्या मनाशी उत्तर काढलं. औषधं मारलेला पाला असतो आजकाल, म्हणून टाकायला सांगत असतील. मग काय, मी पाच पाण्यांनी धुते! शिवाय शुक्रवारी टेबलावर पडलेला छोटूच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांनी वाचला होता. हिमोग्लोबिन आठ. वसतिगृहात आठवाली पोरगी आली की त्या तिला दोन महिन्यांत बारावर न्यायच्या. आणि इथे सख्ख्या भावाला पिळून काढलेला चोथा खायला घालायचा, आणि त्याचं रक्त मोरीत ओतायचं?

वहिनी मनगट दुखतं म्हणून गोळी घेऊन दुपारी झोपायची. तेवढ्यात ताईंनी पाला उकळला, भाजी वेगळी काढली आणि पाणी ठेवून दिलं. भाजी चारच चमचे वाढली, पण पाण्यासाठी पाला मात्र भरपूर घेतला. एक लिटरचा नियमही मोडला नाही हो! पाच लिटर पाणी मोठ्या आचेवर आटवत आटवत दोन वाट्यांवर आणलं. मीठ अजिबात नाही. कांदा, लसूण, मिरपूड, वरून लिंबू. वहिनीला सांगितलं, कांद्याचं सूप आहे. आपण खोटं बोलतोय असंसुद्धा त्यांना वाटलं नाही, कांदा होताच की त्यात. तीन दिवस, रोज दोन वाट्या. आणि छोटू, जो सव्वा वर्ष ताटाकडे बघून सुस्कारे टाकत होता, तो वाटी चाटून पुसून रिकामी करायला लागला.

रुग्णवाहिका चौदाव्या मिनिटाला आली. दोन माणसांनी छोटूला खुर्चीत बांधून तीन मजले उतरवलं. त्याची मान एका बाजूला कलली होती आणि फेस गालावर वाळला होता. गाडीत ताईंनी तो पदराने पुसला. वहिनी डाव्या हाताने नाडी धरून होती आणि दर मिनिटाला आकडा सांगत होती. एक्केचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. ताईंना वाटलं, ही बाई गप्प बसेल तर बरं. मग वाटलं, गप्प बसली तर?

रुग्णालयात त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. छातीवर तारा चिकटवल्या, मशीनने कागद ओकायला सुरुवात केली. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, वसतिगृहातून बाहेर पडलेल्या पोरींच्या वयाची. तिने कागद हातात धरला आणि त्यावरची उंच टोकं बघून नर्सला म्हणाली, "कॅल्शियम भरा. हळू द्या. आणि रक्त पाठवा, पळत."

पाच मिनिटांत आकडा आला.

"पोटॅशियम सात पूर्णांक नऊ," डॉक्टर म्हणाली. "पाचाच्या आसपास हवं. आणखी चढलं तर हृदय थांबेल."

पोटॅशियम. ताईंच्या कानात तो शब्द शिरला आणि तिथेच अडकून बसला. एकतीस वर्षं त्यांनी तो पोरींना कौतुकाने ऐकवला होता. त्यांनी भिंतीला हात टेकवला.

"मशीन तयार होतंय," डॉक्टर वहिनीला सांगत होती, "पण त्याआधी मला एक गोष्ट ठरवायचीय. ह्यांच्या हातात जी रक्तवाहिनी जोडून दिलीय, तिच्यातून आपण रक्त साफ करतो. खाणं रोजचंच असेल, तर याचा अर्थ ती वाहिनी नीट काम करत नाहीये. शुक्रवारी रक्त साफ झालंच नाही. मग आज मला तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. मानेतून नळी घालावी लागेल, थेट हृदयाजवळ. आणि या अवस्थेत तिथे नळीसोबत जाणाऱ्या तारेचा नुसता धक्का लागला तरी काहीही होऊ शकतं. म्हणून विचारते. खाण्यात काही वेगळं? फळं? सुका मेवा? चोरून काही?"

"नाही हो," छोटू खाटेवरून पुटपुटला. "देवाशपथ नाही."

वहिनीने पिशवीतून वही काढली. डाव्या हाताने लिहिलेली वाकडी अक्षरं होती, पण एकही ओळ चुकली नव्हती. डॉक्टरने शुक्रवार वाचला, शनिवार वाचला, रविवार वाचला. भात, पाव, सफरचंदाची फोड, पालेभाजी चार चमचे, कांद्याचं सूप.

"पालेभाजी दोनदा उकळून?"

"दोनदा. ताईंनी केली, पण माझ्या सांगण्याप्रमाणे."

"सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाली आणि वही मिटली. "सिस्टर, मानेची तयारी करा."

ताईंना बोलायचं होतं. पण त्या क्षणी, खरं सांगायला हरकत नाही, त्यांच्या मनात दुसराच विचार आला: कुणालाच माहीत नाही. पातेली घासून झालीत. आपण बोललो नाही तर कधीच कळणार नाही.

आणि तेवढ्यात वहिनी रडायला लागली. सव्वा वर्षात जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ती बाई खुर्चीत बसून हमसाहमशी रडत होती. "माझंच काहीतरी चुकलं असणार. मी गोळ्या घेऊन झोपत होते. काटासुद्धा डाव्या हाताने लावला, शून्यावर होता की नव्हता कुणास ठाऊक. माझ्याच हातून झालंय हे. माझ्याच हातून."

नर्सने छोटूची मान डावीकडे वळवली आणि त्यावर निळं कापड टाकलं. कापडाला मधे भोक होतं आणि त्या भोकातून त्याच्या गळ्याची अर्धवट दाढी केलेली कातडी दिसत होती.

"डॉक्टर," ताई म्हणाल्या. "पाला उकळला की... ते पोटॅशियम उडून जातं ना हो? वाफेबरोबर?"

उत्तर त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. बुडणाऱ्याने हात मारावा तसं विचारलं.

"नाही मावशी. ते क्षार असतं, उडत नाही. पाण्यात उतरतं. म्हणून तर ते पाणी टाकायचं."

"मग नळी घालू नका," ताई म्हणाल्या. "थांबा. सूप कांद्याचं नव्हतं. त्या पाण्याचं होतं. मी केलं. मी त्याला तीन दिवस तेच पाजलं."

डॉक्टरच्या हातात सुई तशीच होती. तिने ताईंना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच ताईंना सहन होईना.

"किती पाला?" तिने विचारलं. "अंदाजे नको. नीट आठवून सांगा."

ताईंना आठवायला लागलंच नाही. हे एक काम त्यांना झोपेतही जमलं असतं. "शुक्रवारी अर्धा किलो पालक. शनिवारी पाऊण किलो, पालक आणि बीटचा पाला निम्मा निम्मा. काल परत अर्धा. दोन्ही उकळींचं पाणी, आटवून दोन वाट्या. त्याने दोन्ही वाट्या घेतल्या, रोज."

"आटवून?"

"पाणी जास्त द्यायचं नाही ना त्याला. म्हणून आटवलं."

डॉक्टरने डोळे मिटले आणि ओठांची थोडी हालचाल केली, काहीतरी जुळवत होती. मग छोटूच्या डाव्या हाताशी गेली, बाहीखालच्या फुगलेल्या शिरेवर बोटं ठेवली, कान लावून ऐकलं. "चालू आहे," ती म्हणाली. "शीर व्यवस्थित चालू आहे. एवढ्या पाण्याने एवढं चढणारच. सिस्टर, मानेचं राहू दे. हातातूनच लावा, लगेच." आणि दाराशी जाता जाता वळली. "पण मावशी, का दिलंत?"

"त्याचं रक्त कमी होतं. रिपोर्टात वाचलं मी."

"ते पाल्याने वाढणारं नाही हो. रक्त बनवा असा निरोप शरीराला किडनी पाठवते. ह्यांच्यात तो निरोपच जात नाही. त्याचं इंजेक्शन आम्ही देतो दर आठवड्याला."

दार बंद झालं.

बाहेर भिंतीला लागून एक लांब बाक होतं. एका टोकाला वहिनी बसली, दुसऱ्या टोकाला ताई. मधे तीन माणसं मावतील एवढी जागा होती. एक तास गेला. दुसरा गेला. कुणी बाहेर आलं की दोघी एकदम उठायच्या, आणि तो माणूस भलतीकडेच निघून गेला की पुन्हा आपापल्या टोकाला बसायच्या. ताईंना वाटत होतं, ही आता बोलेल, आता माझी सालटी काढेल.

शेवटी ताईंनाच राहवेना. "अगं, बोल काहीतरी. शिव्या घाल मला. चार लोकांत घाल. पण अशी गप्प बसू नकोस, बाई."

वहिनी समोरच्या भिंतीकडेच बघत होती.

"मला रंग दिसला होता," ती म्हणाली.

"कसला रंग?"

"सुपाचा. काल. कांद्याचं सूप हिरवं नसतं, ताई. सव्वा वर्ष मी ते पाणी रोज दोनदा ओततेय. त्याचा रंग मला कळणार नाही? पहिली वाटी संपवून ते म्हणाले, 'अगं, सूप आहे ना अजून? आण की!' आणि हसले. वर्षभरात त्यांनी कधी 'आण की' म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात बघितलं, आणि मला वाटलं, कोथिंबीर घातली असेल. वाटलं नाही, वाटून घेतलं. दुसरी वाटी मी भरली, ताई. वहीत कांद्याचं सूप लिहिलं, रंग लिहिला नाही. मघाशी मी रडले ना माझ्या हातून झालं म्हणून, ते काट्यासाठी नव्हतं."

ताई उठल्या, मधली जागा ओलांडून वहिनीला खेटून बसल्या आणि तिचा प्लास्टरमधला हात आपल्या मांडीवर घेतला. वहिनीने तो काढून घेतला नाही. डोकंही टेकवलं नाही.

चौथ्या तासाला दार उघडलं आणि नर्स हसत बाहेर आली. "झालं. पोटॅशियम चार पूर्णांक सहा. नाडी अडुसष्ट. पायसुद्धा हलवताहेत. पण भलतेच चिडलेत हो, भूक लागली म्हणून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय! काय देऊ त्यांना? घरच्यांनीच सांगा, त्यांना काय चालतं ते."

वहिनीने ताईंकडे बघितलं. ताईंनी वहिनीकडे बघितलं. एक रोज तीनशे पोटं भरणारी, दुसरी चमचा चमचा मोजून वाढणारी. नर्स दार धरून उभी होती.

"सिस्टर," ताई शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो. आम्ही दोघी ऐकतो. आणि का, तेसुद्धा सांगा."